बादलीतले गोड पाणी

मित्रांनो, बोटाएवढी जाड कांडी आणि तिच्या टोकाला चांदीच्या क्षाराची करडी टिकली, एवढाच मी. लोक मला सेन्सर म्हणतात. वाहत्या पाण्यात उभे राहायचे, त्यात मीठ किती आहे ते टिकलीने चाखायचे आणि विजेच्या बारीक शिरशिरीने वर कळवायचे, यासाठी मला घडवले. घडवणाऱ्या हातांनी मला खाऱ्या-गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून पाहिले. मी एकदाही चुकलो नाही. खोटे कसे बोलतात ते मला कुणी शिकवलेच नव्हते.

दक्षिणेतल्या पालार नदीकाठच्या एका चामड्याच्या कारखान्यात मी रुजू झालो. कातडी मिठात मुरलेली येत. ती धुतलेले पाणी गटारातून नदीकडे जाई. मी त्या गटारात उभा राहिलो आणि दूर सरकारी कचेरीच्या पडद्यावर माझी रेघ भराभर चढू लागली. दुसऱ्याच दिवशी मॅनेजर गुणशेखर यांनी मला उपटले आणि एका बादलीत सोडले.

झाडलोट करणाऱ्या कुप्पम्माळला सगळे पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत. तिला ते म्हणाले, "पाट्टी, हे फार नाजूक यंत्र आहे. तान्ह्या बाळासारखं जपायचं. रोज टँकरचं गोड पाणी बदलायचं, काय?"

"नातीला न्हाऊ घालते तसं घालीन, अय्या," म्हातारी साहेबांना अदबीने म्हणाली.

आणि तिने घातले. पाणी बदलता बदलता माझ्याशी बोले. "मजा आहे बाबा तुझी! माझी नात तेन्मोळी विहिरीचं पाणी तोंडात घेते नि थुंकते. भातसुद्धा कडू लागतो पोरीला. आणि तुला मात्र टँकर!"

तिचे गाव नदीच्या खालच्या अंगाला होते. गावकरी कचेरीत गाऱ्हाणे घेऊन जात, तेव्हा तिथले साहेब माझी सपाट रेघ दाखवत. पाणी तर गोड आहे! कारखान्याला स्वच्छतेची ढाल मिळाली. मी खरेच बोलत होतो, मित्रांनो. पण बादलीबद्दल.

मग आयुधपूजा आली. यंत्रे धुतली, चंदन-कुंकू लागले, कोहळा फुटला, चुरमुरे आणि हरभऱ्याचे सुंडल वाटले. कुप्पम्माळ चंदनाची वाटी घेऊन माझ्यापाशी आली आणि थबकली.

"कोयत्याची पूजा कोयत्याच्या जागी, चुलीची चुलीपाशी. आणि तू बादलीत? छे रे! आज तरी आपल्या गादीवर बस."

तिने मला चंदन माखले. टिकलीलाही लावले. गटारातल्या माझ्या जुन्या खोबणीत मला बसवले आणि हात जोडले. "माझ्या तेन्मोळीच्या विहिरीला गोड पाणी दे, राजा."

आयुष्यात माझ्याकडे कुणी काही मागितले, ते एवढेच.

सुट्टीचा दिवस, पाहायला कोण येणार, म्हणून गुणशेखर यांनी खाऱ्या पाण्याची साठलेली टाकी त्याच दुपारी गटारातून नदीला सोडली. पाणी आले. चंदनाच्या थरातून मी ते चाखले आणि जीव एकवटून ओरडलो. माझी रेघ पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकली.

कचेरीतून साहेब धावत आले. तोवर टाकी बंद झाली होती.

"काय सांगू साहेब," गुणशेखर हसत म्हणाले, "आमच्या पाट्टीनं त्याला चंदन फासलं. अंगात आलं त्याच्या!"

"कुंकू लावल्यावर घुमणारच की!" साहेबही हसले. सुंडल तोंडात टाकत त्यांनी ती रेघ पुसायला सांगितली. गटाराकडे त्यांनी वाकूनही पाहिले नाही.

दाराशी उभी कुप्पम्माळ चाचरत म्हणाली, "अय्या, पण ते खरं बोललं असेल तर?"

"तूच त्याची जीभ बिघडवलीस, म्हातारे. उद्यापासून येऊ नकोस," गुणशेखर म्हणाले.

आणि तिला ते पटले. स्वतःच्या गालांवर चापट्या मारत, माझी क्षमा मागत ती गेली. तिला कसे सांगू? चंदनाने माझी जीभ जडच झाली होती. होते त्याहून मी कमीच सांगितले होते.

आता दुसरेच हात माझे पाणी बदलतात. माझ्या खाचेत तिचे पिवळे चंदन अजून आहे.

मित्रांनो, यंत्रांना जपा, असे तुम्हांला सगळेच सांगतात. मला तर फार जपले! माझे मागणे वेगळे आहे. माझी रेघ दाखवून कुणी पाणी गोड आहे म्हणाले, तर आधी वाकून पाहा, मी कशात उभा आहे. मग त्या माणसाला तेन्मोळीच्या विहिरीचे एक भांडे भरून पाजा, आणि तो ते थुंकेपर्यंत समोरून हलू नका.