खांबापाशी कोण उभं राहणार

माझा स्वभाव फटकळ आहे. चष्म्याच्या दुकानात तो खपून जातो. गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचता आली नाही की मी सरळ सांगते, नंबर वाढलाय, उगाच डोळे बारीक करू नका. लोक रागावतात, पण चष्मा माझ्याकडूनच करून घेतात.

घरी मात्र नवऱ्याच्या बाबतीत माझी जीभ अडखळायची. तो दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो. तरुणपणी रात्री क्लबमध्ये डीजे होता, तेव्हा सगळे त्याला धडधड्या म्हणायचे. मध्यंतरी कानाच्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं, जाडे आवाज ठीक ऐकू येतात, वरचे बारीक आवाज गेले. सगळी तरुणाई स्पीकरला खेटून काढल्यावर दुसरं काय होणार! पुरावा घरातच होता. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टूं टूं करून बोंबलतो आणि आमचे हे तिथेच उभे राहून निवांत पाणी पितात. शेवटी मुलगी आतल्या खोलीतून तणतणत येते, दार लावते आणि आम्हा दोघांकडे बघते.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी हळूच म्हणते. "तुझ्या बाबांना ऐकू येत नाही."

अशात टकल्या घरी आला. हा त्या जुन्या क्लबचा मालक. तेव्हा केस पाठीवर रुळायचे म्हणून चेष्टेने टकल्या म्हणायचे; पुढे नाव खरं ठरलं. क्लब बंद होऊन आता तिथे टेबल टेनिस खेळतात.

"रविवारी दुपारी हॉल मोकळा असतो," तो म्हणाला. "आपली जुनी मंडळी येताहेत. दिवेलागणीला सगळे घरी. वाजवशील ना?"

"दुपारी?" नवरा हसला. "दुपारी कुणी नाचतं का?"

"रात्री नाचलास तर सोमवारी लिफ्टमध्ये झोपशील."

टकल्या गेल्यावर नवरा मला म्हणाला, "वाजवीन, पण तू खांबापाशी उभी राहायचं. आवाज बिघडला तर खूण करायची. ती खूण आली की मी डीजेचं मशीन बंद करणार, विकून टाकणार. पुन्हा विषय नाही. आणि माझी दया करायची नाही."

खांबाची गोष्ट सांगायला हवी. डीजेला स्वतःच्या शेजारचा स्पीकर ऐकू येतो. हॉलभर आवाज कसा पसरलाय ते कळत नाही. म्हणून मी नाचता नाचता मधल्या खांबापाशी थांबायचे आणि हाताने सांगायचे. तळवा खाली दाबला की बास, म्हणजे जाडे आवाज, कमी कर. कानाची पाळी ओढली की वरचे आवाज टोचताहेत. छातीवर हात ठेवला की सुरेख. आमचं लग्न त्या खुणांवरच जमलं. छातीवरचा हात जरा जास्त वेळ राहू लागला, एवढंच.

रविवारी मुलगी आम्हाला गाडीने घेऊन गेली. टेबलं घडी करून भिंतीला लावलेली, खिडक्यांतून भरपूर ऊन. पूर्वी त्या अंधारात सगळे देखणे दिसायचे. आता एकेकाचं पोट आणि गुडघ्याचा पट्टा लख्ख दिसत होता. जुन्या मंडळींतली दातांची डॉक्टरीण नाचायच्या आधी रक्तदाबाची गोळी घेत होती. भिंतीलगत खुर्च्या होत्या आणि त्यांच्यासाठी चक्क नंबर लागले होते. मला हसू आलं. मुलगी कॉफी आणायला बाहेर गेली.

नवऱ्याने वाजवायला सुरुवात केली. बास तळपायातून वर चढला. वर झांजेची बारीक चिकचिक अशी स्वच्छ होती की मी थक्क झाले. कानाचा डॉक्टर गेला खड्ड्यात! डॉक्टरीण हात वर करून ओरडली, टकल्याने खुर्ची सोडली, हॉल उसळला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी छातीवर हात ठेवला आणि काढला नाही.

तेवढ्यात मुलगी दारातून आत आली. कॉफीचे कप तिथेच खाली ठेवून तिने दोन्ही कान दाबले.

"आई, अगं बाबांना थांबव!" ती माझ्या कानाशी ओरडली. "काय किंचाळतंय! कान फाटताहेत माझे!"

"कुठे किंचाळतंय? इतकं सुरेख वाजतंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. फ्रिजपाशी पाहायची तसंच. आणि मला कळलं.

त्या नजरेत नेहमी आम्ही दोघं होतो. फ्रिज मला तरी कधी ऐकू आला होता? वर्षानुवर्षं त्याच स्पीकरांसमोर मीही होतेच, टकल्याही होता, डॉक्टरीणही होती. नवऱ्याने स्वतःला ऐकू येईपर्यंत वरचे आवाज चढवले होते आणि ते आम्हाला अगदी बेताचे वाटत होते, कारण जे त्याचं गेलं तेच आमचंही गेलं होतं. मला लाज वाटली. दुनियेला नंबर सांगत फिरणारी मी, माझा कान कधी कुणाला दाखवला नव्हता.

दया करायची नाही, असं बजावलं होतं त्याने. मी मुलीला खांबापाशी उभं केलं. आमच्या लग्नाच्या गोष्टीतल्या खुणा तिला पाठ होत्या. तिने कानाची पाळी ओढली.

नवऱ्याचा चेहरा उतरला. मशीन बंद करायच्या आधी त्याने एकदाच बटण खाली फिरवलं. मुलीने मान डोलावली, आता ठीक. पण मला वाटलं, कुणीतरी गाण्यावर गोधडी टाकली. नाचणारे एकेक करून थांबले.

"काय रे, गेलं कुठे?" डॉक्टरीण ओरडली. "होतं तसं कर!"

नवरा आमच्याकडे बघत राहिला. हात मशीनवरच. मी मुलीला हळूच बाजूला केलं आणि त्या जागी उभी राहिले. बोट वर केलं. वर घे, आणखी वर.

मुलगी बघत राहिली. मग तिने हातरुमाल फाडला, कानांत बोळे कोंबले आणि आमच्यात येऊन नाचायला लागली.

घरी परतल्यावर नवऱ्याने बूटही काढले नाहीत.

"खरं सांग," तो म्हणाला. "तिने पाळी ओढली. तू मला वर घ्यायला लावलंस. दया केलीस ना?"

मी फ्रिजचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. तो शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही दोघं कान देऊन ऐकत राहिलो. पायांवर गार हवा येत होती.

"येतंय तुला ऐकू?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

"मलाच आज कळलं."

"आई, बाबा, फ्रिज!" मुलगी आतून ओरडली.

आम्ही दार लावलं नाही.

"पुढच्या वेळी खांबापाशी तिला उभं करायचं का?" त्याने विचारलं.

"तिच्या हॉलमध्ये ती राहील उभी," मी म्हणाले. "आपल्या खांबापाशी मीच."