त्यानंतरचं विशेषण

पुस्तकातल्या उत्तरांवर तळहात ठेवून इलेक्ट्रिशियनने पुढचा शब्द वाचला, "पेटी."

"वाजवायची नव्हे," भाजी चिरता चिरता बायको म्हणाली. "पेटी म्हणजे क्षुद्र."

ती इस्पितळात मदतनीस होती. नर्स व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती, आणि ती उद्यावर येऊन ठेपली होती. मागच्या खेपेला ती याच प्रश्नात अडली होती: सारख्याच अर्थाची चार विशेषणं, त्यातलं रिकाम्या जागी चपखल बसेल ते निवडायचं. आज मायनर, ट्रिव्हियल, निग्लिजिबल आणि पेटी या चौघांनी तिचा पिच्छा पुरवला होता. सगळे मेले बिनमहत्त्वाचेच, मग चार कशाला, असं ती दुपारपासून कुरकुरत होती.

त्याचं इंग्रजी वायर आणि फ्यूजपुरतंच. पण गुंता सोडवणं हा त्याचा धंदाच होता. पुस्तकातली वाक्यं डोक्यात शिरत नसतील तर घरातली घे, असं त्याने सुचवलं. ते जमलं. त्याच्या सदऱ्यावरचा चहाचा डाग ट्रिव्हियल ठरला. तिच्या भाजीत कमी पडणारं मीठ तिने निग्लिजिबल ठरवलं. त्यावर त्याने हरकत घेतली आणि दोघंही हसली.

"शिडीची पायरी मोडली," त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिची सुरी थांबली. समोरच राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाने दोन वर्षांपूर्वी शिडी नेली होती आणि मोडक्या पायरीनिशी गुपचूप आणून ठेवली होती. निदान सांगायचं तरी, असं हा म्हणाला. एका लाकडापायी भावाला बोलतोस, असं तो. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणंच संपलं. तेव्हापासून दोघे एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. घरात तो विषय निघत नसे.

"ते मायनर," ती जपून म्हणाली. "वस्तू मोडली तर दुरुस्त होते."

"आणि त्यानंतरचं?"

तिने चिरलेली भाजी उगाचच एका बाजूला सारली.

"ते तुम्हीच निवडा."

त्याने तळहात उचलला. पण उत्तर पाहिलं नाही. पुस्तक मिटलं, चपला पायात सरकवल्या आणि रस्ता ओलांडला.

दार भावानेच उघडलं. त्याच्या पाठीला थोडा बाक आला होता. हा काही ठरवून आलाच नव्हता; मनात आलं ते बोलला.

"दादा, उद्या हिची परीक्षा आहे. मला काम आहे. गाडीने सोडशील?"

भावाने चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला.

"किती वाजता?"

"नऊला पोचायला हवं."

"साडेआठला आणतो गाडी." मग तो म्हणाला, "मागच्या वेळी राहिली म्हणे तिची. कानावर आलं. वाईट वाटलं."

 याने मान हलवली.

घरी बायको दारातच उभी होती. दादा सोडणार आहे, एवढंच त्याने सांगितलं.

"आणि तुम्ही? मला सोडायचं म्हणून उद्याची कामं पुढे ढकललीत ना?"

तो चपला काढण्यासाठी वाकला.

"मीही येतो," तो म्हणाला. "तू मागे बस. मी दादाशेजारी बसेन."