एका वाणीचे दोन अर्थ

शनिवारी संध्याकाळी त्या बंद पडलेल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात प्रार्थनासभा भरे, तेव्हा पाय ठेवायला जागा नसे. खुर्च्या भरल्या की लोक भिंतीला टेकून उभे राहत, भिंती भरल्या की जिन्यावर. सगळ्यांचे डोळे मंचावरच्या माणसाकडे. त्याला सगळे वाणीवाले म्हणत, कारण पवित्र आत्मा उतरला की तो कोणालाच न येणारी भाषा बोलायचा. आधी गिटार थांबायची, मग दिवे मंद व्हायचे (आत्म्याला भगभगीत उजेड मानवत नसावा), आणि मग हात वर करून तो सुरू व्हायचा, "शंदारा लामासे, कोरीबा शंदा, रेमासे तोला..." बायकांना रडू फुटायचं, पुरुष गुडघे टेकायचे. शेजारी उभा असलेला किडकिडीत दुभाषी डोळे मिटून त्या वाणीचा अर्थ सांगायचा. अर्थ असा नेमका, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. कोणाची पाठ, कोणाचा मोडायला आलेला संसार, कोणाचा रुसून निघून गेलेला मुलगा. देवाला सगळं ठाऊक होतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या गोळ्याही ठाऊक होत्या.

धाकटीला लहानपणापासून फिट्स यायच्या. योग्य गोळी सापडली आणि त्या थांबल्या. मग तिने शिक्षण पुरं केलं, तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायच्या कामाला लागली, लग्न केलं. नवऱ्याबरोबर ती या सभेला गेली तेव्हा वाणीवाल्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, वाणी झाली, आणि दुभाष्याने सांगितलं, "मुली, गोळ्यांची साखळी मी आज तोडली आहे. तू बरी झालीस." त्याच रात्रीपासून तिने गोळ्या बंद केल्या. नवऱ्याने तो सगळा प्रसंग फोनवर टिपून ठेवला, पुढे सभेत देवाची साक्ष द्यायला उपयोगी पडेल म्हणून.

आमच्या घरात मग वाद पेटला, पण भलताच. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, म्हातारे पाळक मुद्दाम समजूत घालायला आले. त्यांचं म्हणणं, अन्यभाषा, भविष्यवाणी, रोग बरे करणं ही देवाची दानं येशूच्या पहिल्या प्रेषितांच्या काळापुरती होती. पाया एकदाच घालतात, घर उभं राहिल्यावर पुन्हा पुन्हा घालत नाहीत. धाकटीचा नवरा विचारायचा, देवाने आता दुकान बंद केलं असं शास्त्रात कुठे लिहिलंय? एका वचनावर दुसरं वचन येत राहिलं आणि चहा गार झाला. मी मध्येच म्हटलं, दानं संपली की चालू आहेत ते सावकाश ठरवा, आधी हिला डॉक्टरकडे नेऊ. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. धाकटी मात्र हसली. "ताई, तुझा सगळा विश्वास त्या गोळ्यांच्या पाकिटावर," म्हणाली.

महिनाही झाला नव्हता. एका सकाळी ती आंघोळीला गेली आणि फिट येऊन पडली. ती थांबते न थांबते तोच दुसरी आली, मग तिसरी. इस्पितळात डॉक्टरांनी हात टेकले.

अंत्यविधीला वाणीवाला आला. माझ्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. सरळ माझ्या आईसमोर जाऊन उभा राहिला आणि मायेने म्हणाला, "देवाने दिलं होतं, आई. तिचाच विश्वास कमी पडला."

आईने त्या दिवसापासून अन्न टाकलं. मुलीच्या मनात कधी, कुठली शंका आली असेल, हेच ती आठवत बसायची. न्याय, समाज वगैरे मोठे शब्द मला नंतर सुचले. त्या वेळी मला फक्त सूड हवा होता. या माणसाला त्याच्याच मंचावर, त्याच्याच माणसांसमोर उघडा पाडायचा.

मी वाचा-उपचार करते. पक्षाघाताने ज्यांचं बोलणं जातं त्यांना एकेक अक्षर परत मिळवून देणं हे माझं रोजचं काम. धाकटीच्या नवऱ्याकडून मी ती ध्वनिफीत घेतली आणि दवाखान्यात दार लावून पुन्हा पुन्हा ऐकली. परकी भाषा असेल तर एखादा तरी परका ध्वनी सापडायला हवा. इथे एकही नव्हता. सगळे आवाज आपल्याच तोंडातले, चारपाच तुकडे उलटसुलट जोडलेले. लहान मूल पाळण्यात पडल्या पडल्या करतं त्या बडबडीला जरा दाढीमिशा फुटलेल्या. पण हे मी सांगून लोक ऐकणार नव्हते. म्हणून धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून केलेली ती वाणी मी पाठ केली, श्वास आणि हेल यांसकट.

बेत मी धाकटीच्या नवऱ्याला सांगितला.  तो म्हणाला, वाणी खरी असेल तर अर्थ तोच निघेल. त्याला अजूनही तो तसाच निघायला हवा होता, हे मला दिसत होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही वेगवेगळे गेलो. दारात हसतमुख बाई चहा देत प्रत्येकाची विचारपूस करत होती: कशासाठी प्रार्थना हवी, काय अडलंय. मी सांगितलं, परदेशातल्या नोकरीसाठी धडपडतेय, काही केल्या जमत नाही. तिने माझा हात दाबला आणि आत गेली.

कोणाला आत्म्याची प्रेरणा झाली आहे का, असं वाणीवाल्याने विचारलं तेव्हा मी उठले. माईक घेतला, डोळे मिटले आणि त्याची वाणी त्यालाच अक्षरन्‌अक्षर ऐकवली. त्याने ती ओळखली नाही. ओळखणार कशी? आपली बडबड कोणी पाठ करून ठेवत नाही. उलट तो गहिवरला. दुभाष्याने हात पसरून अर्थ सांगितला, "मुली, समुद्रापलीकडचं दार मी तुझ्यासाठी उघडतो आहे."

टाळ्या झाल्या. त्या विरल्यावर धाकटीचा नवरा माझ्याजवळ आला आणि त्याने फोन माईकला लावला. वाणीवाल्याचा आवाज सभागृहभर घुमला. तीच अक्षरं, तोच हेल. पाठोपाठ दुभाष्याचा आवाज: गोळ्यांची साखळी मी आज तोडली आहे. तू बरी झालीस.

"ही माझी बहीण," मी म्हटलं. "ती मेली. त्याच शब्दांचा अर्थ आज समुद्रापलीकडचं दार झाला. आणि मला परदेशात जायचंच नाहीये. दारातल्या बाईंना मी थाप मारली होती. ती थाप आहे हे देवाला कळलं नाही, पण ती दुभाष्यापर्यंत मात्र लगेच पोचली."

वाणीवाला सावरला. आत्म्याच्या एका शब्दात हजार अर्थ असतात, असं काहीसं सुरू झालं. धाकटीच्या नवऱ्याने त्याला तोडलं. "देवाची दानं आजही मिळतात असं मी मानतो," तो म्हणाला, "म्हणूनच सांगतो, हे दान नव्हे. असेल तर तुम्ही दोघं दोन खोल्यांत बसा. एकच वाणी ऐका आणि आपापला अर्थ सांगा. जुळतो का बघू."

वाणीवाला म्हणाला, देवाची परीक्षा पाहू नये. मागून एक म्हातारा शांतपणे बोलला, "देवाची नाही हो, तुमची."

दुभाष्याचा धीर तिथेच सुटला. तो मंचाच्या कडेला बसला आणि म्हणाला की दारातल्या बाई त्याला आत येऊन सगळं सांगायच्या, आणि वाणीवाल्याने कोणासमोर हात वर केला की तो ते बोलायचा. वाणीवाला मागच्या दाराकडे वळला. तिथे लोक उभे होते. त्यांनी त्याला हात लावला नाही, वाटही दिली नाही. तो घामाने भिजून उभा होता, आणि मी त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. ते पाहताना मला बरं वाटलं, अगदी मनापासून.

पोलिसांत तक्रार मीच दिली. दुभाषी साक्षीदार झाला. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, आता क्षमा करावी. मी म्हटलं, ते तुमच्या देवाने करावं, मला सवड नाही. मग मी आईला दोन्ही अर्थ एकापाठोपाठ ऐकवले. आईने ते पुन्हा पुन्हा सांगायला लावले. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझी पोर कुठेच कमी पडली नव्हती." आणि तिने जेवायला वाढायला सांगितलं.

दानं संपली की चालू आहेत, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. माझं मागणं साधं आहे. मला दान मिळालंय असं जो म्हणेल त्याला तपासून बघा, आणि तो तपासू देत नसेल तर तिथून उठा. कोणाच्याही सांगण्यावरून चालू औषध टाकू नका. टाकलं असेल तर आजच डॉक्टरला गाठा.

परवा त्याच सभेतली एक बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती. मुलीला फिट्स येतात, गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्यात. जाताना तिने दबकत विचारलं, आता प्रार्थना केली तर चालेल का.

"करा की," मी म्हटलं. "गोळी दिल्यावर करा."