हर्षदाची हजेरी

कवठे येमाईच्या पुढं एक वस्ती आहे. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गुरुजी म्हणतील बदनामी केली, आणि ज्यांना कळायचं त्यांना न सांगताही कळेल. तिथल्या दोन शिक्षकांच्या शाळेच्या व्हरांड्यात मंगळवारी सकाळी ब्लेसी गायकवाड चपला काढत होती, तेव्हा आत तिसरी-चौथीची हजेरी चालली होती.

"हर्षदा कोळपे," हनुमंत गुरुजी म्हणाले.

"हजर गुरुजी," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

ब्लेसीचा एक पाय चपलेतच राहिला. पाच मिनिटांपूर्वीच ती हर्षदाला तिच्या घरी, अंगणातल्या खाटेवर बसलेली सोडून आली होती. आत गुरुजींनी पुढचं नाव घेतलं, त्या पोरीनं हजर म्हटलं, आणि कुणालाही काही वेगळं वाटलं नाही.

ब्लेसी विशेष शिक्षिका होती. तालुक्यातल्या अकरा शाळांत जिथं म्हणून दिव्यांग मूल असेल तिथं स्कूटीवरून जायचं, त्या मुलाला शिकवायचं, त्याच्या गुरुजींना कसं शिकवायचं ते दाखवायचं, आणि पुढच्या शाळेला लागायचं. चौदा वर्षं झाली, अजून कंत्राटावरच. शाळांमध्ये तिला पाहुणी म्हणून चहा मिळायचा, पण शिक्षिका म्हणून खुर्ची मिळायची नाही. ती दिसली की मास्तरांच्या कपाळाला आठी पडायची, कारण ती आली की काम वाढतं. ब्लेसीही काही गोड बोलून काम काढणाऱ्यातली नव्हती. चौदा वर्षांत तिची जीभ चांगलीच तिखट झाली होती.

हर्षदा दहा वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळं हातपाय ताठ आणि जीभ जड. डोकं मात्र ठणठणीत. आजीच्या सात मेंढ्यांतली कुठली मागं राहिली ते ती आजीच्या आधी बोटानं दाखवायची. काही विचारलं की तिचं उत्तर यायचं, पण ते यायला वेळ लागायचा. सावकाश दहा आकडे मोजावेत एवढा. तेवढं थांबायला शाळेत कुणाला सवड नव्हती.

म्हणून दिवाळीपासून ब्लेसीनं एकच शब्द धरला होता. हजर. वर्गात नाव पुकारल्यावर पोरगी स्वतःच्या तोंडानं हजर म्हणाली की तिला घरी बसवायला कुणी धजणार नाही, असं तिचं साधं गणित होतं. आज सकाळी ते जमलं होतं. तोंड वाकडं झालं, लाळ गळली, पण तिन्ही अक्षरं बाहेर पडली. त्या खुशीत ब्लेसी शाळेत आली होती. गुरुजी दर मंगळवारी तिला सांगायचे, "काल आलती की, आजच दांडी मारली." ते किती खरं होतं ते आता तिला कानांनी कळलं.

हजेरी झाल्यावर गुरुजी ऑफिसात आले. ब्लेसीनं आपली भेटवही टेबलावर ठेवली. त्या वहीत मुख्याध्यापकाची, म्हणजे गुरुजींचीच, सही आणि शिक्का नसेल तर ती शाळेत आलीच नाही असं तालुक्याला धरतात. शिक्का गुरुजींच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्या खिशात. गुरुजींनी किल्ली काढली नाही. एक छापील फॉर्म काढला.

"तुमच्या सहीसाठी ठेवलाय. मुलगी तीव्र दिव्यांग, शाळेत येऊ शकत नाही, घरीच शिकवावं अशी शिफारस. तुम्ही सही केल्याबिगर वर जात नाही. नाव पटावर राहतंय, घाबरू नका."

"पोरं तिच्या नावानं हजर का म्हणतात?"

"सवय लागलीय."

"म्हणजे दिवाळीपासून ती रोजच घरी आहे."

"थंडीवाऱ्याची कशाला आणता म्हणून मीच म्हणलो तिच्या आजीला. माणुसकी म्हणून. हजेरी मी लावतो म्हणलं."

माणुसकी कसली आलीय. शाळेचा पट एकवीस होता. वीसवर आला की दुसऱ्या शिक्षकाची जागा धोक्यात, म्हणून पोरीचं नाव हवं. पुढच्या महिन्यात तपासणी पथक येऊन एकेका मुलाचं वाचन घेणार, म्हणून पोरगी नको. फॉर्मवर सही झाली की नाव शाळेत आणि पोरगी घरात, दोन्हीची कायमची सोय. ब्लेसीला हे न सांगता समजलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"मी सही करणार नाही. पुढच्या मंगळवारी ती वर्गात बसेल. तिचं नाव घेतलं की तुम्ही थांबायचं, दहा मोजायचे. एवढंच करायचंय तुम्हाला."

"एवढंच व्हय?" गुरुजी खुर्चीत मागं रेलले. "तुमचं बरंय मॅडम. आठवड्यातनं तासभर यायचं, शहाणपण सांगायचं आन् स्कूटी काढायची. बाकी पाच दिवस तिला संडासला कुणी न्यायचं? लाळ कुणी पुसायची? दोन इयत्ता एका खोलीत हायेत माझ्या. तुम्ही दिलाय का मला एखादा माणूस?"

यातलं सगळंच खोटं नव्हतं, आणि तेच ब्लेसीला जास्त झोंबलं. मदतनीस द्या म्हणून तिनं तीनदा लेखी मागितलं होतं. तिन्ही वेळा समावेशित शिक्षणाचं महत्त्व सांगणारं परिपत्रक आलं. पण त्याचा राग हर्षदावर काढायचा का? तिनं टेबलावरचा हजेरीपट ओढून उघडला.

"नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. एकही खाडा नाही. तुमचंच अक्षर आहे. मग ती शाळेत येऊ शकत नाही असं मी कुठल्या तोंडानं लिहू?"

"तोंडानं कोण लिहाय सांगतंय? पेनानं लिहा."

ब्लेसीनं फोन काढला आणि तिन्ही महिन्यांच्या पानांचे फोटो घेतले. गुरुजींचं हसू मावळलं. त्यांनी हजेरीपट हळूच आपल्याकडं ओढला.

"बरं हाय," ते म्हणाले. "दौंडच्या पार टोकाला एक जागा रिकामी हाय म्हणं. बदल्या करणारे साहेब आमच्याच गावचे हायेत. तुम्हाला हवापालट होईल."

ब्लेसी शिक्क्याशिवाय वही उचलून निघाली. त्या दिवशी ती शाळेत आली होती याला तालुक्याला चालेल असा पुरावा आता नव्हता.

ती परत कोळप्यांच्या घरी गेली. हर्षदाचे आईबाप शिक्रापूरला खोली करून कंपनीत कामाला, त्यामुळं घरी आजी, कुशाबाई, आणि नात. कुशाबाई दुधाची बरणी फडक्यात बांधत होती. गुरुजींकडं जायची होती. नातीची हजेरी घरबसल्या लागते म्हणून ती दिवाळीपासून आठवड्याला बरणीभर दूध धाडत होती.

"पुन्हा का आलात?" कुशाबाई वर न बघता म्हणाली.

"आजी, पुढच्या मंगळवारपासून हिला शाळेत पाठवा."

"कशापायी? पडाय? गेल्या साली पोरांनी तिच्या दप्तरात शेण घातलं, तवा कुठं हुता तुम्ही? मंगळवारच्या बाई तुम्ही. सोमवारी पोरीचं काय झालं ते तुमास्नी ठावं नसतंय. गुरुजी देवमाणूस. घरात बसून हजेरी लागतीय, वरीस वाया जात न्हाई. तुमचं काय जातंय?"

एरवी ब्लेसीनं चार शब्द समजुतीचे सांगितले असते. आज तिचा संयम संपला होता.

"देवमाणूस, मग हिच्या नावाला दुसऱ्या पोरांना हजर म्हणायला लावतो होय?"

कुशाबाईचे हात थांबले. "कोण म्हनतंय?"

"अख्खा वर्ग. मी आता कानांनी ऐकून आले."

"आन् ही?"

"ही इथं खाटेवर."

कुशाबाईनं नातीकडं बघितलं. हर्षदा सगळं ऐकत होती. तिचा एक हात खाटेच्या दोरीत घट्ट अडकला होता आणि डोळे भरले होते. वर्गानं आपलं नाव असं वाटून घेतल्याचं तिला आजच कळत होतं, आणि ते आपण तिच्यादेखत बोललो याची ब्लेसीला लाज वाटली.

"लगीन होऊन आले तवा मेंढरांमागं हुतो आम्ही," कुशाबाई म्हणाली. ती ब्लेसीशी बोलत होती असंही नाही. "सांजंला वाघर लावायची. जाळीचं कुंपण. त्येच्या तोंडाशी हुबं राहून एकेक मेंढरू आत आलं की मोजायचं. येकदा मी दारातलं येक आतच धरलं. येतंयच की म्हनलं. सासऱ्यानं कानाखाली दिली. म्हनला, भाईरचं मेंढरू आत मोजलंस तर त्येला हुडकाय कोण जानार?"

मग तिनं बरणीचं फडकं सोडलं.

"जावा तुम्ही आता," ती म्हणाली. पाठवते म्हणाली नाही, आणि पाठवत नाही असंही म्हणाली नाही.

शनिवारी फोनवर आदेश आला. प्रशासकीय कारणास्तव, येत्या बुधवारपासून दौंड. गुरुजी बोलल्याप्रमाणं वागले, तेवढा एक गुण त्यांना द्यायला हवा. ब्लेसीनं तालुक्याच्या ऑफिसात हजेरीच्या फोटोंसह लेखी तक्रार दिली. कारकुनानं पोच दिली आणि म्हणाला, "बघू." पंधरा किलोमीटर लांबची शाळा असो की पन्नास, स्कूटी तीच आणि पगार तोच, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. खरी भीती वेगळी होती. तिच्या जागी जो येईल त्याच्या हातात गुरुजी दारातच तो फॉर्म देतील, आणि नवा माणूस शिक्क्यासाठी मुकाट सही करेल. पहिल्या वर्षी तिनंही केली असती. मंगळवारी हर्षदा वर्गात बसली तरच काही खरं, नाहीतर ती पोरगी आयुष्यभर त्या खाटेवर.

मंगळवारी ती घरी पोचली तर खाट रिकामी आणि दाराला कुलूप. मेंढ्या तेवढ्या आवारात. शिक्रापूरला नेली आईबापाकडं, ब्लेसीला वाटलं, कटकटच नको म्हणून नेली. तिनं कुशाबाईला मनात नको नको ते म्हणून घेतलं आणि शाळेकडं स्कूटी वळवली.

शाळेच्या व्हरांड्यात कुशाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी काठी, आणि काठीशेजारी हर्षदाचे पट्ट्याचे छोटे बूट. हर्षदा पहिल्या रांगेत होती. दोन तास लागले होते त्यांना पाऊण किलोमीटर यायला.

"ऑर्डर मिळाली का?" गुरुजींनी ब्लेसीला दारातच हळू आवाजात विचारलं.

"मिळाली."

"मग आता कशाला जिवाला तरास?"

"उद्यापासून दौंड. आज मी इथलीच आहे."

गुरुजींनी हजेरीपट उघडला. ब्लेसी दाराला टेकून उभी राहिली. नावं निघाली, हजर गुरुजी, हजर गुरुजी, पटापट.

"हर्षदा कोळपे."

"हजर गुरुजी," सगळा वर्ग म्हणाला. मुद्दाम नव्हे. तीन महिन्यांची सवय होती. हर्षदाचं तोंड उघडलं होतं, मान ताणली होती, आणि त्या गलक्यात ते तसंच उघडं राहिलं. गुरुजींनी पटावर हजेरीची खूण केली.

"पूनम गावडे."

"थांबा गुरुजी," कुशाबाई दारात येऊन उभी होती.

"आजी, लागली तिची हजेरी."

"लागली न्हाई. तुम्ही लावली. माझं मेंढरू अजून आत आलं न्हाई."

पूनम गावडे अर्धवट उभी राहिली होती, ती खाली बसली. ब्लेसी मनात मोजू लागली. पाच. आठ. दहा झाले आणि काहीच आलं नाही. गुरुजींनी ब्लेसीकडं बघितलं. दहाच मागितले होते ना, असं ते बघणं होतं. बारा. पंधरा. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. घरी जमलेलं इथं जमणार नाही, आपणच हिला चारचौघांत हसं करायला आणलं, असं ब्लेसीला वाटलं. कुशाबाईनं काठी दाराच्या चौकटीला आडवी लावली होती आणि ती तसूभर हलली नाही.

विसाच्या पुढं कुठंतरी ते आलं. "ह." मग बराच वेळ काही नाही. "ज." हनुवटीवरून लाळ ओघळली. "र."

"झालं?" गुरुजींनी पेन उचललं. "पूनम गावडे."

हर्षदानं जोरात मान हलवली. नाही. झालं नव्हतं. तिचा ताठ हात बाकावर आपटला आणि तोंड पुन्हा वाकडं व्हायला लागलं. ब्लेसीनं तिला एकच शब्द शिकवला होता. दुसरा तिचा तिनंच, घरी खाटेवर बसून, कुणाला न सांगता घोकला होता.

"गु," ती म्हणाली.

गुरुजींना थांबावं लागलं. त्यांनाच घातलेली हाक होती, ती मधेच तोडून पुढं कसं जाणार? पेन हातात तसंच धरून ते उभे राहिले. "रु" येईपर्यंत बाहेरून एक ट्रॅक्टर निघून गेला. या वेळी मागच्या रांगेत कुणी हसलं नाही. "जी" अगदी बारीक आलं, पण सगळ्यांनी ऐकलं.

कुशाबाईनं चौकटीवरची काठी खाली घेतली.

"आता मोजा," ती म्हणाली.