जपानची संथ तबकडी

भुकूमला पौड रस्त्यापासून थोडं आत गोजराबाईंचं घर होतं, आणि त्या घराला जिने दोन. आतला जिना घरच्यांचा. बाहेरचा लोखंडी जिना भाडेकऱ्यांचा. तो उन्हात तापायचा आणि पाय पडला की सगळ्या आळीला ऐकू जाईल असा वाजायचा. कोण कधी आलं, कधी गेलं, हे गोजराबाईंना चुलीपुढं बसून कळायचं, म्हणून तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. भाडेकऱ्याचं नाव त्या घेत नसत. पुढच्या खोलीतला, मागच्या खोलीतला, गच्चीतला, बस. नाव घेतलं की माणूस चहाला थांबतो, असा त्यांचा अनुभव होता.

गच्चीतला म्हणजे निषाद. वाशीमकडचा पोरगा, हिंजवडीत कॉम्प्युटरपुढं बसणारा. अंगानं असा की गहू वाळत घातले तर राखायलासुद्धा ठेवू नये, चिमण्या घाबरायच्या नाहीत. आणि लग्न करीन तर ह्याच्याशीच, असं गोजराबाईंच्या नातीनं, गौतमीनं घरात सांगून टाकलं होतं. तिचा बाप वाल्मीक ह्यानं नेहमीसारखे हात झटकले. "आई म्हणंल तसं," म्हणाला आणि बोअरची मोटार बघायला निघून गेला.

तिकडं माले गावच्या अण्णासाहेबांनी त्यांच्या शेखरसाठी गौतमीला मागणी घातली होती. स्थळ नाव ठेवण्यासारखं नव्हतं. जमीन राखलेली, गोठ्यात दावणीला दुभतं, पोरगा सुपारीच्या खांडालासुद्धा न शिवणारा. त्यांना होय का नाही ते आज रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. गोजराबाईंनी मनातल्या मनात होय म्हणून टाकलं होतं. फोन तेवढा लावायचा राहिला होता.

"आजी, एकदा त्याला नीट बघ तरी," गौतमी सकाळपासून मागं लागली होती.

"रोज बघतीया की. चढताना बघते, उतरताना बघते. मधी काय निराळा दिसतोय व्हय?"

"आज त्याच्याकडं त्याची माणसं येणार हायेत, गाणी ऐकायला. तू वर येऊन बस. मग न्हाई म्हण. मी परत तोंड उघडणार न्हाई."

"शब्द देतीयास?"

"दिला."

ह्या पोरीनं तोंड बंद ठेवणं ही काही लहान कमाई नव्हती. म्हणून दुपारचं ऊन कललं तशा गोजराबाई गुडघ्यावर हात ठेवत आतल्या जिन्यानं वर गेल्या.

खोलीत पाच-सहाजण जमिनीवर बसले होते, सगळे शिकलेले आणि सगळे कुबड काढून. खुर्ची एकच होती, खिडकीजवळ. ती निषादनं गोजराबाईंना दिली. खिडकीतून घरामागची कोरडी विहीर दिसत होती. गोजराबाईंनी तिकडं पाठ केली. टेबलावर तबकड्या वाजवायचं यंत्र होतं आणि दोन्ही अंगाला कणगीएवढे स्पीकर.

"कोण गानार हाय?" त्यांनी विचारलं.

"गाणारा कोणी नसतो आजी," निषाद म्हणाला. "नुसती वाद्यं असतात. पोस्ट-रॉक म्हणतात ह्याला. वेगवेगळ्या देशांचे अल्बम आणलेत, आज एकमेकांशी ताडून बघायचेत. एका देशाची शांतता आणि दुसऱ्या देशाची शांतता ह्यात फरक असतो."

"गप बसण्यात फरक," गोजराबाई म्हणाल्या. "बरं. वाजीव."

ह्या जमावाचा म्होरक्या होता अनिमेष. कोथरूडचा, दाढीवाला. तो ह्या असल्या संगीतावर इंटरनेटवर लेख छापायचा, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडं असे बघायचे की जणू आता प्रसाद पडणार. निषादनं एका जपानी तबकडीवर लिहिलेला लेख त्यानं छापला होता आणि तो पुष्कळ लोकांनी वाचला होता म्हणे. आजची मैफल त्यासाठीच होती. तबकडी ऐकून अनिमेषचं मन भरलं, तर पुढं पुण्यातल्या मोठ्या बैठकीत निषादला बोलायला बोलावणार होते. गौतमीनं हे सगळं आजीच्या कानात सांगितलं. सांगताना तिचे कान लाल झाले होते.

पहिलं आईसलँड वाजलं. वाजलं म्हणजे काय, कुणाच्या तरी घरी मयत झालंय पण अजून रडायला कुणी सुरुवात केलेली नाही, तसं पुष्कळ वेळ चाललं. नेऱ्याला भाड्यानं राहणारी एक पोरगी डोळे मिटून म्हणाली, "बर्फ ऐकू येतो यात." हिनं बर्फ कुठं बघितला होता, फ्रिजातला सोडून, हे तिचं तिला ठाऊक.

मग कॅनडा आलं. बोअरची मोटार हवा धरते आणि पाणी न येता नुसती घरघरते, अशी ती घरघर. गोजराबाईंना दोनदा वाटलं, उठून बटण बंद करावं, मोटार जळंल. "यात एका शहराचा सगळा एकटेपणा आहे," अनिमेष म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

स्कॉटलंड त्यातल्या त्यात बरं निघालं. निदान ते कुठंतरी पोचलं. आधी हळू, आणखी हळू, आणि मग झोपलेल्या म्हशीच्या शेपटीवर पाय पडावा तसं एकदम. खिडकीची काच हादरली आणि मागच्या खोलीतल्याचं पोरगं रडायला लागलं.

गोजराबाईंना शब्दाविना वाजवणं कळत नव्हतं असं नाही. जत्रेत मुळशी तालुक्याचे ढोल ऐकत त्यांचं आयुष्य गेलं होतं. अंगणात बसून, न बघता त्या सांगत, हे माल्याचे वाजवतायत, दमानं घेतात, आणि हे आपले, घाईचे. पण त्या ढोलांच्या पुढं देवाची पालखी तरी असायची. पोरं घामानं निथळायची. इथं सगळे पंख्याखाली बसून परक्याच्या घरच्या सुतकाला मार्क देत होते.

"आता जपान," अनिमेष म्हणाला. "निषाद, तू सांग."

निषाद उभा राहिला. तबकडी त्यानं अशी धरली होती, जशी बाळंतिणीच्या खोलीतून पोर बाहेर आणतात. पाकिटावर सगळी जपानी अक्षरं, एकही वाचता येणार नाही अशी. त्यानं ती लावली आणि गिटारीचा एक एक सूर, खोल चिखलातून पाय काढावा तसा, निघायला लागला.

"बाकीचे देश शेवटी स्फोटाकडे जातात," निषाद बोलायला लागला. "जपान जात नाही. इथला ड्रम ऐका. प्रत्येक ठोका पडायच्या आधी थबकतो. दुःखाला घाई नसते हे ह्या लोकांना माहीत आहे. हा संथपणा आपल्याला जमणार नाही, कॅनडालाही जमलेला नाही..."

बोलत होता छान. गोजराबाईंना तेही कबूल करणं भाग होतं. हात हलवत नव्हता, कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हता. गौतमी मात्र त्याच्याकडं अशी बघत होती की गोजराबाईंनी नजर वळवली, ती नेमकी खिडकीबाहेर विहिरीवर गेली.

ती विहीर हैबतरावांची. गोजराबाईंच्या मालकांची. पाणी बघणाऱ्यानं चिंचेखाली नारळ ठेवून दाखवलं, इथं विहीर खांदा. भावकीनं सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं. हैबतराव म्हणाले, घरामागंच लागंल. खांदली. कातळ लागला. आणखी खांदली. पाण्याचा थेंब नाही. पण चुकलो म्हणून हा माणूस एकदाही बोलला नाही. "पाणी हाय, जरा खाली हाय," हे मरेपर्यंत. आणि गोजराबाई तोवर चिंचेपलीकडच्या चुलत दिराच्या विहिरीवरून, दिराचे टोमणे ऐकत, हंडे वाहत राहिल्या. बाकी माणूस वाईट नव्हता. पण त्या एका वाक्यानं त्यांचा संसारभर जीव खाल्ला होता.

"एक मिनिट," कुणीतरी म्हणालं.

ती जुईली होती, निषादच्याच कंपनीतली, इथं पहिल्यांदाच आलेली. ती टेबलाशी वाकून फिरत्या तबकडीच्या मधल्या कागदाकडं बघत होती. "निषाद, तू कुठल्या स्पीडवर लावली आहेस?"

"मिनिटाला तेहेतीस फेरे. मोठ्या तबकड्या तेहेतीसवरच असतात."

"इथे पंचेचाळीस लिहिलंय. अक्षरांच्या मध्ये, बारीक. हे बघ ना."

कुणी काही म्हणायच्या आत तिनं बटण फिरवलं.

आणि जपान पळत सुटलं. गिटार टणाटणा उड्या मारायला लागली, ड्रम असा धावला की जणू वरातीला उशीर झालाय. दुःख नव्हतं, संथपणा नव्हता, थबकणं नव्हतं. चार पोरं मजेत वाजवत होती, एवढंच होतं ते. गाणारा कुणी नव्हता, म्हणून आवाज घोगरा येतोय हेसुद्धा इतक्या दिवसांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लेख वाचणाऱ्यांच्याही नाही, छापणाऱ्याच्याही नाही.

निषादनं पुढं होऊन यंत्र बंद केलं. खोलीत जी शांतता झाली ती कुठल्या देशाची, हे सांगायला कुणी पुढं आलं नाही.

अनिमेषनं दाढी चोळली. लेख त्यानंच छापलेला होता. "नाही, नाही," तो हळूच म्हणाला. "मला वाटतं निषादनं मुद्दाम स्लो लावली. ते एक इंटरप्रिटेशन आहे. मूळ रेकॉर्डमध्ये लपलेलं दुःख त्यानं बाहेर काढलं. लेखात फक्त तसं स्पष्ट म्हणायचं राहिलं. हो ना निषाद?"

"करेक्ट," नेऱ्याची पोरगी लगेच म्हणाली. "खरं तर स्लो व्हर्जनच जास्त ऑनेस्ट आहे." आणखी दोघांनी माना हलवल्या. ह्यांच्या माना ढिल्याच होत्या.

गोजराबाई खुर्चीत पुढं सरकल्या. किती सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं. पाणी हाय, जरा खाली हाय. सगळी सभा त्याच्यासाठी दोर धरून उभी होती. निषादनं तोंड उघडलं. "हो, म्हणजे..." एवढं म्हणाला आणि थांबला. गौतमीनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. गोजराबाईंना वाटलं, संपलं. चला खाली, माल्याला फोन लावू.

"नाही," निषाद म्हणाला. "मुद्दाम नाही लावली. मला माहीतच नव्हतं. मी चुकीचं ऐकत होतो आणि चुकीचंच लिहिलं."

"अरे, पण तसं म्हणायची गरज नाही..."

"लेख काढून टाक अनिमेष. नाहीतर खाली चूक लिहू, मी लिहून देतो. लोक दुःख दुःख म्हणून मेसेज करतायत मला. दुःख नाहीये त्यात."

अनिमेषचा चेहरा आंबट झाला. पुण्याच्या बैठकीचं मग बघू, असं काहीसं पुटपुटत तो उठला. तो उठला तसे बाकीचे उठले. जुईली निषादला सॉरी म्हणत होती आणि तो तिला थँक्यू म्हणत होता, तेही खऱ्याखुऱ्या तोंडानं. मग लोखंडी जिना सगळ्यांच्या पायांखाली खडखडत राहिला, आणि थांबला.

गौतमी भिंतीला टेकून उभी होती. शब्द दिला होता, तोंड उघडत नव्हती. निषाद तबकडी पाकिटात घालत होता, पण ती जाईना. पाकीट त्यानं उलटं धरलं होतं.

"आता लोक हसत्याल तुला," गोजराबाई म्हणाल्या.

"हसतील."

"शिकलेली मानसं हसत्याल. ती लई दिस हसत्यात. त्येंना दुसरं काम नसतंय."

"हो आजी."

"आणि मी बी हसनार हाय. रोज. तू जेवायला बसलास की हसनार. पाव्हणंरावळं असलं तर त्येंच्यासमोर. चालंल का?"

निषादनं मान वर केली. त्याला पटकन कळलं नाही. गौतमीला कळलं, तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, म्हणजे शब्द मोडायला नको.

"चालेल," तो म्हणाला.

गोजराबाई गुडघे धरत उठल्या आणि आतल्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या. "वाल्मीक," त्यांनी खाली हाक दिली. "माल्याला फोन लाव. अण्णासायबांना म्हनावं, पोरगी दिलीया आमी."

"दिली?" खालून वाल्मीकचा घाबरा आवाज आला. "त्येंनाच ना?"

"त्येंना कशाला? त्येंना म्हनावं, दुसरीकडं दिली. चांगली मानसं हायेत, राग धरनार न्हाईत. आणि धरला तर धरू दे. तू आधी फोन लाव, घाम मग पूस."

निषाद वाल्मीकला भेटायला म्हणून सवयीनं लोखंडी जिन्याकडं निघाला.

"अहो पाव्हणं," गोजराबाई म्हणाल्या. जावयाला लावायचा हा शब्द आपण गच्चीतल्याला कधी म्हणू, असं त्यांना स्वतःला सकाळी वाटलं नव्हतं. "तिकडनं कुटं? ह्या जिन्यानं उतरायचं. चपला हातात घ्या, सकाळीच पुसलाय."

त्यानं चपला हातात घेतल्या. पहिल्याच पायरीवर त्याचं डोकं तुळईला दणकन आपटलं. घरातलं कुणी तिथं आपटत नसे, सगळ्यांना वाकायची सवय होती.

"आणि एक ध्येनात ठेवा," मागून येता येता त्या म्हणाल्या. "लग्नात हलगी लागंल, बँड लागंल. जपान न्हाई. हळू न्हाई आणि जोरात बी न्हाई. हळू व्हतं तवा रटाळ व्हतं. जोरात लावलं तवा लौकर संपलं, एवढंच काय ते बरं झालं."