चालणारी सही

"ताई, झाली का सही?" धाकट्या जावेनं पुन्हा विचारलं.

"होतेय गं, जरा दम धर!" मी खेकसले. राग मोबाइलचा, निघाला बिचारीवर.

आम्ही दोघी फुलांच्या शेडमध्ये कामाला. तोडणी माझ्याकडे, फवारणी तिच्याकडे. त्या औषधानं तिचा डावा डोळा गेला, उजव्यानं धूसर दिसतं. मालक दुसरं औषध आणत नाही, हे स्वस्त पडतं ना! ज्या देशात ते बनतं तिथं ते वापरायला बंदी, आणि आमच्याकडे पाठवायला मोकळीक. वा रे न्याय! ते बनवणंच थांबवा, असा ऑनलाइन अर्ज तिथले लोक त्यांच्या सरकारकडे करतायत. वर आमच्या भाषेत लिहिलंय, 'सर्वांनी सामील व्हा'.

झाले सामील. पहिलं नाव टाकलं. मग 'शेवटचं नाव'. शेवटचं म्हणजे? मरताना लावायचं? मला माहेरचं एक, सासरचं एक. शेवटी मिळालं ते सासरचं, म्हणून तेच टाकलं. तर म्हणे ओळखपत्रावर असेल तेच टाका! ओळखपत्रावर अजून माहेरचंच. ते टाकलं. मग चित्रांतले सिग्नल ओळखा. तेही ओळखले. मग देश निवडा. यादी खालीवर करून बोट दुखलं, आमचा देशच नाही. तळाशी बारीक अक्षरात, 'सही फक्त आमच्या नागरिकांना करता येईल.'

"मग सर्वांनी कशाला म्हणता, मेल्यांनो!"

"ताई, तुमचा दादा तिकडंच आहे ना?" जाऊ म्हणाली.

खरंच की! आमच्या औषधाच्या पिंपांवर ज्या कारखान्याचं नाव असतं, तिथंच तो माल चढवून घेतो. लगेच फोन लावला, स्पीकरवर.

"मला कोण करू देतंय?" दादा म्हणाला. "राबायला चालतो मी इथं. नागरिक थोडाच आहे?"

"म्हणजे तुझ्या सहीला तिकडं काडीची किंमत नाही?"

"तसं नाही गं. प्रत्येक गाडीच्या कागदावर माझीच सही लागते. त्याशिवाय एक पिंप बाहेर पडत नाही."

जाऊ मोबाइलच्या अगदी जवळ वाकली. "दादा, मग ती तरी नका ना करू."

सही नाही तर दादाची नोकरी नाही, हे मला ठाऊक होतं. जावेनं माझा हात धरला, पण "नको करूस" एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.