हिरवे ठिपके

शालनताई डाव्या हातात मोजा चढवत होत्या आणि करंगळी काही केल्या आपल्या जागी जात नव्हती. संधिवाताने वाकलेल्या बोटांना रबराचे असले लाड सोसत नाहीत. शेवटी चैतालीने पुढे होऊन तो हलक्या हाताने ओढून दिला.

“लांबूनच तर बघायचंय. माझ्या हाताला काय विष लागलंय?”

“सगळ्यांच्याच हाताला असतं, आई. उघड्या हाताने शिवलं की आरएनए तुटून जातो. म्हणून इथे दारातच मोजे घालायचे.”

शिवायचं नाही, हे शालनताईंच्या आजीने पुष्कळ ऐकलं होतं. कोणीच शिवायचं नाही, हे मात्र नवीन होतं. त्यांना ते मनापासून आवडलं.

विश्रांतवाडीहून दोन बस बदलून त्या पाषाणला लेकीच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. एरवी आल्या नसत्या. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून जिने चढणं त्यांनी बंदच केलं होतं. पण आज सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर त्यांच्या स्वतःच्या पेशी दिसणार होत्या. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर का उठलं, याचं उत्तर डॉक्टरांना इतक्या वर्षांत देता आलं नव्हतं आणि चैतालीची पीएचडी त्याच प्रश्नावर अडून बसली होती. शालनताईंनी रक्त दिलं. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त हवं, म्हणून चैतालीने स्वतःचंच दिलं. बघणाऱ्याला आपल्या मनासारखं दिसू नये, म्हणून कुठलं रक्त कोणाचं ते झाकून ठेवायची इथली पद्धत. शेजारच्या टेबलावरच्या स्पृहाने काचपट्ट्यांवर नुसतं ‘क’ आणि ‘ख’ लिहून दिलं होतं.

चैतालीने स्वतःचे मोजे चढवले, बोटं दोनदा झटकली आणि खोलीतला दिवा मालवला.

“काय झालं गं बोटांना?”

“काही नाही. दिवसभर पिपेट दाबून आंबतात.”

पडद्यावर ‘क’ उमटला. काळोखात गोल गोल पेशी आणि प्रत्येकीत हिरव्या ठिपक्यांची गर्दी.

“एकेक ठिपका म्हणजे एकेक निरोप,” चैताली म्हणाली. “मूळ जनुक आत, केंद्रकात, जपून ठेवलेलं असतं. त्याची आरएनएची नक्कल बाहेर येते आणि सांगते, जंतू आलेत, सूज आणा. आम्ही पेशींना खोटीच चाहूल दिली. मग औषध घालून नवे निरोप लिहिणं थांबवलं. आता आहेत ते कधी जातात, तेवढंच बघायचं.”

“जातात कुठे?”

“पेशीच फाडते. काम झालं की.”

“स्वतःच लिहिलेलं?” शालनताईंनी विचारलं. मग त्यांच्यातल्या बाई जाग्या झाल्या. “बरोबर आहे. फळा पुसला नाही तर कार्टी जुनंच उतरवून घेत बसतात.”

चैताली हसली. हेच समजावायला तिला परिषदेत अर्धा तास लागला होता.

पुढचं, थोड्या वेळानंतरचं चित्र आलं, त्यात ठिपके विरळ झाले होते. त्याच्या पुढच्यात आणखी विरळ. प्रत्येक निरोपाला शेपूट असतं, ते कुरतडलं जातं आणि शेपूट संपलं की निरोपही संपतो, असं चैताली सांगत होती. सुजेच्या निरोपाच्या टोकाला तर खूणच असते, मला लवकर फाडा म्हणून.

“म्हणजे लिहितानाच पुसायचंही लिहून ठेवलेलं?”

“हो.”

“आणि हे आत्ता, माझ्यात चाललंय? मी इथे बसलेय तेव्हा?”

“तुझ्यात, माझ्यात, त्या खालच्या वॉचमनमध्ये. एकेका पेशीत.”

शालनताई पडद्याजवळ सरकल्या. शेवटच्या चित्रात काळोख जवळजवळ स्वच्छ झाला होता, एखाददुसरा ठिपका तेवढा राहिला होता. विहारात दर पौर्णिमेला त्या अनित्य हा शब्द ऐकत आल्या होत्या. तो असा हिरवा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि मोजा घातलेल्या हाताने ते पुसावेत की नाही, हे त्यांना कळेना.

मग ‘ख’. पहिलं चित्र तसंच, गर्दीचं. दुसरंही. तिसऱ्यातही ठिपके हलले नव्हते. शेवटचं चित्र उघडलं तेव्हा चैताली खुर्चीतून उठलीच. सगळे जागच्या जागी होते, लखलखत.

“आई, हे बघ. ही तू! मला वाटलंच होतं.” तिने पडद्यावर बोट ठेवलं. “तुझ्या पेशी निरोप फाडतच नाहीत. म्हणून सूज थांबत नाही.”

शालनताई त्या ठिपक्यांकडे माया आल्यासारख्या बघत राहिल्या. “बिचाऱ्या,” त्या म्हणाल्या. “झालं म्हणून यांना कोणी सांगितलंच नाही.”

चैतालीने दार उघडून स्पृहाला हाक मारली. “सांग आता. ‘ख’ काकू ना?”

स्पृहा पडद्याकडे बघून हसतच आत आली होती. तिचं हसू मावळलं.

“नाही गं. काकू ‘क’ आहेत,” ती म्हणाली. “‘ख’ तू आहेस.”

“लेबलं बदलली असतील.”

“मीच लावलीत, चैताली.”

“मग परत करू. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. आईची औषधं चालू आहेत, म्हणून तिचं नीट दिसत असेल. आणि माझं म्हणजे...” चैताली भराभर बोलत होती. बोलता बोलता तिने पुन्हा बोटं झटकली.

शालनताईंनी आपला मोजा ओढून काढला.

“हात दे इकडे.”

“आई, इथे मोजे काढून चालत नाही.”

“दे म्हटलं ना.”

त्यांनी लेकीचा मोजा उतरवला आणि आपल्या वाकड्या बोटांनी तिच्या बोटांचे सांधे एकेक करून दाबले, त्यांचे डॉक्टर दाबायचे तसे. मधल्या बोटाशी चैतालीचा श्वास अडखळला.

“सकाळी उठल्यावर मूठ मिटते का गं?”

चैतालीने पडद्याकडे बघितलं. “पिपेटमुळे होतं ते,” ती म्हणाली.

“हो,” शालनताई म्हणाल्या. त्यांनी हात सोडला नाही. “माझंही खडूमुळेच होतं.”